फाईल आधी की मरण?

२०१२ सालच्या जून महिन्यात राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी बेळगावच्या तुरुंगातल्या एका कैद्याला जीवदान दिलं. फाशी रद्द, त्याऐवजी जन्मठेप. अडचण एवढीच होती, की हा कैदी ऑक्टोबर २००७ मध्येच वारला होता. देशाच्या सर्वोच्च पदावरून सही होऊन ज्याचा जीव वाचला, त्याला जाऊन साडेचार वर्षं उलटून गेली होती. तुरुंगाला हे माहीत होतं. दिल्लीतल्या फाईलला माहीत नव्हतं.

असं काही वाचलं की आपण चुकचुकतो, व्यवस्थेला चार शब्द सुनावतो आणि पान उलटतो. पण जरा थांबू या. दया ही गोष्ट सरकारी कागदावर चालते तरी कशी? ती कुठून निघते, कुणाकुणाच्या टेबलावर थांबते, कुणाची मतं गोळा करते? आणि ज्याच्या शरीरात मरण आधीच पोचलेलं आहे, अशा माणसापर्यंत तिला वेळेत पोचता येतं का?

प्रश्न अवघड आहे, कारण माणूस साधासुधा नाही. त्यानं खून केलाय. कोर्टात तो सिद्ध झालाय. आता त्याला कॅन्सर झालाय, शेवटच्या टप्प्यातला. त्याला घरी जाऊन मरू द्यावं का? चहाच्या टपरीवर विचारून बघा, पाच सेकंदांत दोन तट पडतील. ‘ज्याला मारलं त्याला कुठे घरी मरायला मिळालं?’ असं एकजण म्हणेल. ‘मरणाऱ्याशी कसलं वैर?’ असं दुसरा म्हणेल. दोघंही मनापासून बोलत असतात. पण त्यांच्या वादाच्या खाली कायद्याचं एक यंत्र फिरत असतं, आणि ते दोघांनीही कधी उघडून पाहिलेलं नसतं. चला, उघडू या.

सुरुवात निलंग्यातून करू. समजा, तालुक्यातल्या एका गावात बांधावरून भावकीत भांडण झालं. शब्दानं शब्द वाढला, कुऱ्हाड उचलली गेली, एकाचा जीव गेला. खटला निलंग्याच्या अतिरिक्त सत्र न्यायालयात चालला. आपल्याकडे सिद्ध झालेल्या खुनाला शिक्षा दोनच, फाशी किंवा जन्मठेप. न्यायाधीशांनी जन्मठेप दिली. आरोपी ‘पक्का कैदी’ झाला आणि तीनशेवर किलोमीटर दूर, छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल कारागृहात गेला.

आता पहिलं आश्चर्य. तुरुंगात प्रत्येक पक्क्या कैद्याच्या सुटकेची तारीख मांडलेली असते. चोरीतल्याची असते, मारामारीतल्याची असते. जन्मठेपेच्या कैद्याची नसते. ‘असं कसं? जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं ना?’ असं तुम्ही म्हणाल. अर्धा महाराष्ट्र असंच म्हणतो.

तसं नाही, हे एका मराठी माणसाच्या खटल्यानं कायमचं ठरवून टाकलं. गांधीहत्येच्या कटात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी सर्वोच्च न्यायालयात दावा केला, की चांगल्या वर्तणुकीची माफी धरली तर माझी वीस वर्षं भरली, मला सोडा. वीसचा आकडा काही हवेतून आला नव्हता. दंडविधानात शिक्षेचे अंश काढताना जन्मठेप वीस वर्षांची धरावी, असं कलम होतंच. जानेवारी १९६१ मध्ये न्यायालयानं उत्तर दिलं, की ती वीस वर्षं फक्त हिशेबापुरती. जन्मठेप म्हणजे कैद्याचं उरलेलं सगळं नैसर्गिक आयुष्य. लवकर सुटणं हा त्याचा हक्क नाही, सोडायचं की नाही ते सरकारनं ठरवायचं.

गंमत पुढे आहे. हक्काची लढाई हरलेले गोडसे ऑक्टोबर १९६४ मध्ये बाहेर आले. जे न्यायालयात मागून मिळालं नाही, ते सरकारच्या मर्जीनं मिळालं. या सगळ्या यंत्राचा आस इथे दिसतो. शिक्षा न्यायालय देतं, ती मध्येच थांबवण्याची ताकद मात्र सरकारच्या हातात असते.

मग चौदा आलं कुठून? १९७८ च्या डिसेंबरात फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम घातलं गेलं. काही राज्यांत खुनी माफ्या जमवत पाच-सहा वर्षांतच बाहेर पडत होते, त्याला आळा घालायचा होता. कलम म्हणतं, ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला किमान चौदा वर्षं तुरुंगात काढल्याशिवाय सोडता येणार नाही. किमान! एसटीत किमान भाडं ठरलेलं असतं, म्हणून बस काही पहिल्याच थांब्यावर संपत नाही. तसंच हे. चौदा पूर्ण झाली की फक्त विचार सुरू होतो, आणि गुन्ह्याच्या प्रकारानुसार काहींच्या वाट्याला त्यापुढचीही किती तरी वर्षं येतात. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, कलमाचा आकडा ४७५ झाला, चौदा मात्र चौदाच राहिले.

आता आपल्या निलंग्याच्या कैद्याकडे या. आत जाऊन त्याला पाच वर्षं झालीत. गिळताना दुखतं म्हणून तुरुंगाच्या दवाखान्यात गेला. तिथून पोलीस बंदोबस्त मिळाल्यावर त्याला ‘घाटी’त, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात नेलं. अन्ननलिकेचा कॅन्सर, तोही पसरलेला. कायद्याचं पुस्तक उघडलं तर काय दिसतं? चौदातून पाच गेले, नऊ उरले. कलमाच्या मजकुरात आजाराचा उल्लेखच नाही. धडधाकट माणूस आणि नळीवाटे जेवणारा माणूस, दोघांना चौदा सारखेच.

म्हणजे वाट बंद? नाही, आणि इथे दुसरं आश्चर्य भेटतं. दयेला दोन दारं आहेत. एक संहितेतलं, त्याला १९७८ साली कुलूप लागलं. दुसरं संविधानातलं. अनुच्छेद ७२ नं ते राष्ट्रपतींना दिलंय, अनुच्छेद १६१ नं राज्यपालांना. १९८० साली मारू राम खटल्यात ४३३-अ ला आव्हान दिलं गेलं. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निकालपत्रात सांगितलं, की कलम वैध आहे, पण संसदेनं केलेलं कुलूप संविधानाच्या दाराला लागत नाही. २०२१ साली हरियाणाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा स्पष्ट केलं. चौदा वर्षं भरलेली नसली तरी राज्यपाल शिक्षा माफ करू शकतात, कमी करू शकतात, नुसती स्थगितही करू शकतात. अट एकच, त्यांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालायचं.

हे दार उघडलं की काय होतं, ते महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्यांना निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयानं जन्मठेप दिली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. पुढे प्रकृतीच्या कारणावरून नानावटी पॅरोलवर बाहेर आले आणि लोणावळ्याच्या एका बंगल्यात राहू लागले. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांची शिक्षा माफ केली. त्यांना काही मरणांतिक आजार नव्हता. सुटल्यावर ते कॅनडात गेले आणि २००३ पर्यंत जगले. दयेचं यंत्र मनात आणलं तर किती वेगानं फिरू शकतं, याचा हा नमुना. ते कुणासाठी फिरतं आणि कुणासाठी गंजून बसतं, हा प्रश्नही याच नमुन्यातून उभा राहतो. नानावटींच्या मागे नौदल होतं, वर्तमानपत्रं होती, अख्खं शहर होतं. आपल्या कैद्याच्या मागे दोन एकर कोरडवाहू जमीन आणि म्हातारी आई आहे.

अलीकडची गोष्ट तर आणखी चमत्कारिक. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवानिमित्त केंद्रानं २०२२ साली विशेष माफीची योजना आणली. सुटकेस पात्र कैद्यांच्या यादीत मरणांतिक आजाराचे रुग्ण होते. वाचून बरं वाटतं. पण त्याच कागदावर अपात्रांचीही यादी होती आणि तिच्यात जन्मठेपेचे कैदी होते. खुनाला तर जन्मठेपेहून कमी शिक्षाच नाही! म्हणजे खुनाचा कैदी कितीही आजारी असला तरी एका यादीनं त्याला आत घेतलं आणि दुसरीनं बाहेर काढलं.

तिसरं आश्चर्य भूगोलाचं आहे. दया कुणाच्या सरकारनं करायची? कैदी जिथला असेल तिथल्या? की गुन्हा जिथे घडला तिथल्या? दोन्ही नाही. खटला चालून शिक्षा ज्या राज्यात झाली, त्या राज्याच्या सरकारनं. बिल्किस बानो प्रकरणात गुन्हा गुजरातमध्ये घडला, कैदी गुजरातच्या तुरुंगात होते, पण खटला मुंबईत चालला होता. गुजरात सरकारनं २०२२ साली त्या अकरा जणांना सोडलं, आणि ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती सुटका रद्द केली. माफीचा अधिकार गुजरातचा नव्हताच, तो महाराष्ट्राचा होता. हे निलंगेकरांना चटकन कळेल. औराद शहाजानीच्या पलीकडे थोडं गेलं की कर्नाटक लागतं, बीदर जिल्हा. सोयरीक दोन्हीकडे, शेतं दोन्हीकडे. तीच कुऱ्हाड, तेच दोन भाऊ, पण भांडण सीमेच्या पलीकडे झालं असतं तर खटलाही तिकडेच चालला असता आणि हीच फाईल मुंबईऐवजी बंगळूरला गेली असती.

आता ती फाईल चालताना बघू. तुरुंगाचे वैद्यकीय अधिकारी लिहितात, तज्ज्ञ डॉक्टरांचं मंडळ तपासतं, अधीक्षक वर्तणुकीचा शेरा देतात. मग कैद्याच्या गावच्या ठाण्याकडे विचारणा होते. हा गावात आला तर काय होईल? मयताच्या घरच्यांचं काय म्हणणं आहे? जमादार गावात जातो, चार लोकांचे जबाब घेतो. पोलीस अधीक्षकांचं मत, जिल्हा प्रशासनाचं मत. आणि मग ही फाईल जिथून सगळं सुरू झालं त्याच इमारतीत येते, शिक्षा देणाऱ्या न्यायालयात.

हो, त्याच न्यायालयाला विचारलं जातं. संहितेप्रमाणे माफी द्यायची तर शिक्षा देणाऱ्या न्यायालयाच्या प्रमुखाचं मत घ्यायचं असतं. हा उपचार नव्हे, बंधन आहे, असं घटनापीठानं डिसेंबर २०१५ मध्ये राजीव गांधी हत्या प्रकरणातल्या कैद्यांच्या खटल्यात ठरवलं. मूळ न्यायाधीशांची तोवर बदली झालेली असते. खुर्चीवर दुसरंच कुणीतरी असतं. ते रेकॉर्ड रूममधून जुनं दप्तर मागवतात. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, साक्षी. ज्या माणसाला त्यांनी कधी पाहिलंही नाही, त्याच्याबद्दल त्यांना मत द्यायचं असतं.

मत कशावर द्यायचं? २००० सालच्या लक्ष्मण नस्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाच प्रश्न सांगितलेत. हा गुन्हा त्या दोघांपुरता होता, की सगळ्या समाजाला हादरा देणारा होता? हा माणूस पुन्हा तसं करण्याची शक्यता आहे का? गुन्हा करण्याची ताकद त्याच्यात उरली आहे का? त्याला आणखी आत ठेवून काही साधणार आहे का? आणि त्याच्या घरची परिस्थिती काय आहे?

हे पाच प्रश्न अंथरुणाला खिळलेल्या माणसासमोर धरून बघा. दुसरा, तिसरा आणि चौथा, तीन प्रश्नांची उत्तरं आजारानं परस्पर देऊन टाकलीत. ज्याला पाण्याचा तांब्या उचलवत नाही, तो कुऱ्हाड काय उचलणार? पण पहिल्या प्रश्नावर आजार एक चकार शब्द बोलत नाही. गुन्हा होता तेवढाच राहतो. कॅन्सरनं माणसाचं वजन घटतं, गुन्ह्याचं घटत नाही. टपरीवरचे ते दोघे भांडत होते ना, ते नेमके इथेच. एकजण पहिला प्रश्न धरून बसला होता, दुसरा मधले तीन. दोघांचेही प्रश्न कायद्याच्या एकाच यादीत आहेत.

आता येतो या यंत्रातला सगळ्यात नाजूक भाग. फाईल हलायला एक कागद लागतो. डॉक्टरांनी लिहून द्यायचं असतं, की हा आता फार दिवस जगणार नाही. फार म्हणजे किती? तीन महिने? सहा? मरणाची तारीख डॉक्टरांना सांगता येते का?

शिकागोच्या काही संशोधकांनी हे मोजून पाहिलं. मरणासन्न रुग्णांची सेवा करणाऱ्या केंद्रांत दाखल होणाऱ्या ४६८ रुग्णांबद्दल त्यांनी ३४३ डॉक्टरांना विचारलं, हा रुग्ण किती जगेल? मग रुग्ण प्रत्यक्षात किती जगले ते नोंदवलं. हा अभ्यास २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. डॉक्टरांचे अंदाज बरोबर निघाले फक्त २० टक्के वेळा. चूक तरी कुठल्या दिशेची असावी? आपल्याला वाटतं, डॉक्टर घाबरवतात. झालं नेमकं उलटं. ६३ टक्के अंदाज आशेकडे झुकलेले होते. सरासरी बघितली तर डॉक्टरांनी रुग्णांना खऱ्या आयुष्याच्या पाचपटीहून जास्त आयुष्य देऊ केलं होतं!

किती माणसासारखी चूक आहे ही! आपल्या समोरचा रुग्ण लवकर जाईल, हे डॉक्टरांच्याही मनाला पटत नाही. पण ही प्रेमळ चूक तुरुंगाच्या फाईलवर चढली की तिचा अर्थ बदलतो. डॉक्टर लिहितात, ‘अजून काही महिने आहेत.’ कार्यालय म्हणतं, ‘मग घाई कसली?’ फाईल एका टेबलावर पंधरा दिवस थांबते, दुसऱ्यावर महिनाभर. तिकडे शरीर मात्र कुणाच्या सहीसाठी थांबत नाही.

मग लोकांना उलटीच भीती का वाटते, की हे आजाराचं ढोंग करून सुटतील आणि वर्षानुवर्षं मजेत जगतील? कारण तशी एक गोष्ट साऱ्या जगानं पाहिली. १९८८ साली स्कॉटलंडच्या लॉकरबी गावावर विमान स्फोटानं कोसळलं, २७० माणसं मेली. त्या गुन्ह्यात शिक्षा झालेला लिबियाचा अब्देलबासेत अल-मेगराही याला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. तीनेक महिने जगेल या अंदाजावर २० ऑगस्ट २००९ रोजी स्कॉटलंड सरकारनं त्याला दयेपोटी सोडलं. तो मेला २० मे २०१२ रोजी. तीन महिन्यांचे बरोबर तेहेतीस महिने झाले. मृतांच्या नातेवाइकांचा संताप आजही समजू शकतो.

पण मेगराही सुटला त्याच वर्षी अमेरिकेत काय झालं बघा. मॅन्सन टोळीच्या हत्याकांडातली सुझन अॅटकिन्स चाळीस वर्षं कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात होती. मेंदूच्या कॅन्सरनं ती आडवी झाली होती. दयेच्या सुटकेला २००८ सालीच नकार मिळाला होता. २ सप्टेंबर २००९ रोजी तिला चाकांच्या खाटेवरून पॅरोल मंडळासमोर आणलं, मंडळानं पुन्हा नकार दिला, आणि २४ सप्टेंबरला ती तुरुंगातच वारली. ती सुटली असती तर फार तर तीन आठवडे बाहेर राहिली असती. मेगराहीचे तेहेतीस महिने जगाच्या लक्षात राहिले. जे आधीच गेले, त्यांच्याविषयीचा अंदाज चुकला होता हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण त्यांच्या बाबतीत बातमी घडतच नाही. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात देशभरच्या तुरुंगांत १,९९५ कैदी मेले, त्यातले १,७७३ मृत्यू ‘नैसर्गिक’ या रकान्यात आहेत. एका रकान्यात किती फायली अर्ध्या वाटेवर असतील!

मग तारखेवाचून काही उपाय आहे का? आहे, आणि तो कॅन्सरच्या वॉर्डात रोज वापरला जातो. त्याला म्हणतात ‘ईकॉग’ची मोजपट्टी, शून्य ते पाच. शून्य म्हणजे ठणठणीत. दोन म्हणजे स्वतःचं सगळं स्वतः करतो, जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ हिंडता-फिरता असतो. तीन म्हणजे जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ खाटेवर किंवा खुर्चीत. चार म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला, स्वतःचं काहीच करता न येणारा. पाच म्हणजे मृत्यू. एवढंच! ना सुई, ना यंत्र. माणूस दिवसातला किती वेळ उठून बसतो, एवढं नीट पाहायचं. ‘हा कधी मरेल?’ या प्रश्नाचं उत्तर मोठमोठ्या तज्ज्ञांना येत नाही. ‘हा आज उठू शकतो का?’ याचं उत्तर बरॅकमध्ये त्याला धरून संडासला नेणारा कैदीसुद्धा देऊ शकतो. कायद्यानं मात्र पहिलाच प्रश्न निवडलाय.

आता कुणी म्हणेल, सोडायचं कशाला, पॅरोल आहे की. आहे, आणि चौदा वर्षांची अट त्याच्या आड येत नाही. महाराष्ट्रात त्याचे नियम १९५९ साली झाले. पॅरोलला तिथे अभिवचन रजा म्हटलंय. त्या नियमांतली अभिवचन रजेची कारणं वाचण्यासारखी आहेत. आई, वडील, जोडीदार, मुलं यांचं गंभीर आजारपण. पत्नीचं बाळंतपण. नैसर्गिक आपत्ती, जिचा अर्थ १९९३ च्या भूकंपानंतर निलंगा-औशाकडे कुणाला समजावून द्यावा लागत नाही. जवळच्यांचं लग्न, जवळच्यांचा मृत्यू. सगळी घरच्यांची कारणं. म्हणजे आजारी आईची सेवा करायला कैदी रजेवर जाऊ शकत होता. पण कैद्याची सेवा आईनं करायची असेल, तर तसं कारण त्या यादीत सापडत नव्हतं! हे कुणी दुष्टपणानं केलेलं नाही. नियम लिहिताना डोळ्यांसमोर कमावता, धडधाकट कैदी होता. तुरुंगात माणसं म्हातारी होतील, खंगतील, हे चित्र तेव्हा नव्हतं.

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या अंगोला तुरुंगानं वेगळीच वाट काढली. तिथे जन्मठेपेचे कैदी इतके, की बहुतेकांचं मरण आतच ठरलेलं. १९९८ साली तिथे मरणासन्न कैद्यांसाठी सेवाकेंद्र सुरू झालं आणि सेवा करायला निवडले गेले कैदीच. ज्यांनी कधीकाळी माणसं मारली, ते आता दुसऱ्या खुन्याच्या उशाशी बसून त्याचे ओठ ओले करतात, कूस बदलून देतात. शवपेट्याही तेच बनवतात. त्या इतक्या नेटक्या, की जगप्रसिद्ध धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांना २०१८ साली अशाच एका पेटीतून मूठमाती दिली गेली.

आपल्याकडेही हालचाल सुरू झालीय. १० डिसेंबर २०२४ रोजी, मानवी हक्क दिनाला, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं वृद्ध आणि मरणांतिक आजारी कैद्यांसाठी देशव्यापी मोहीम सुरू केली. अशा कैद्यांना शोधायचं आणि त्यांचे अर्ज न्यायालयापुढे न्यायचे.

पण मयताच्या घराचं काय? तेही गावातच आहे, त्याच बांधाला लागून. तिथल्या बाईनं नवरा गमावलाय, लेकरं बापाविना वाढवलीत. ज्यानं हे केलं तो उद्या ॲम्ब्युलन्समधून समोरच्या अंगणात उतरणार, हे तिला कुणी आधी सांगणार आहे का? आजच्या पद्धतीत तिचा आवाज जमादाराच्या जबाबातल्या दोन ओळींत मावतो. दयेचा कुठलाही विचार या घराला वळसा घालून गेला, तर तो गावाला मान्य होणार नाही आणि होऊही नये.

माझं उत्तर विचाराल तर असं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शिक्षा माफ करू नका, स्थगित करा. गुन्हा पुसला जात नाही, निकाल तसाच राहतो, फक्त खाट बदलते. ही ताकद राज्यपालांकडे आजही आहे. अटी घाला, अमुक घरीच राहायचं, मयताच्या वस्तीकडे फिरकायचं नाही, गरज पडली तर दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे किंवा रुग्णालयात. कुणी मेगराहीसारखा सावरलाच, तर त्याला परत आत न्या. अट मोडली तर माफी रद्द करून पुन्हा पकडण्याची सोय संहितेत आधीपासूनच आहे. कलम ४७५ मध्ये एका ओळीची भर घाला, की चौदा वर्षांची अट मरणांतिक आजाराला लागू नाही, म्हणजे प्रत्येक फाईलला राज्यपालांच्या दाराची पायरी चढावी लागणार नाही. आणि तारीख विचारणं सोडून अवस्था विचारा.

काही गुन्हे असे असतील, की ज्यांच्यापुढे पाचांतला पहिला प्रश्न बाकी सगळ्यांना पुरून उरेल. तिथे सरकारनं जरूर नकार द्यावा, कारणं लिहून द्यावा. मात्र या निर्णयाला दिवसांची मुदत हवी, जशी अपिलाला असते, जामीन अर्जाच्या सुनावणीला असावी असं आपण म्हणतो. अनुच्छेद १६१ मध्ये आज अशी कुठलीही मुदत नाही. होकार असो की नकार, तो ऐकायला मयताची बायकोही हवी आणि कैदीही हवा, दोघंही जिवंत.